खांद्याची तुटलेली दोरी आणि उसना स्नायू

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्यावर चार शब्द बोलावेत, असा विश्वस्तांचा आग्रह झाला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आज मी खांद्याविषयी बोलणार आहे. हा विषय निवडण्यामागे माझ्या मनातील एक जुनी टोचणी आहे. तिच्यापासूनच आरंभ करतो.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात कापडाचे दुकान असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय ५२. वरच्या फळीवरील तागा काढताना ते शिडीवरून पडले होते. हात वर जात नव्हता, एक्स-रे मात्र स्वच्छ होता. ‘खांदा आखडला आहे’ असे सांगून मी शेक, गोळ्या आणि व्यायाम लिहून दिले. ते परत आले दीड वर्षाने. घास तोंडाशी नेताना तुतारी फुंकणाऱ्यासारखे कोपर बाजूला उंच उचलावे लागत होते. पंगतीत बसण्याची त्यांना लाज वाटू लागली होती.

एक्स-रेमध्ये हाड दिसते, कंडरा दिसत नाही. ही विद्यार्थ्यालाही ठाऊक असलेली गोष्ट मी त्या दिवशी विसरलो होतो. आखडलेला खांदा डॉक्टरने उचलला तरी वर जात नाही. कंडरा तुटलेला हात दुसऱ्याने उचलला तर बहुधा वर जातो, सोडला की खाली येतो. एवढी परीक्षा मी केली असती तर त्यांची दीड वर्षे वाचली असती.

आता थोडी शरीररचना. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकवलेला मोठा चेंडू. बशी लहान, म्हणूनच हात चहूकडे फिरतो. आणि म्हणूनच तो चेंडू बशीत धरून ठेवण्याचे काम स्नायूंवर येते. फऱ्याच्या हाडापासून निघणारे चार स्नायू आपल्या कंडरांनी दंडाच्या हाडाचा माथा वेढतात. यालाच रोटेटर कफ म्हणतात. बाहेरचा मोठा डेल्टॉइड स्नायू हात वर खेचतो, तेव्हा कफ चेंडूला बशीत दाबून धरतो. कफ मोठ्या प्रमाणात फाटला की चेंडू वर सरकतो आणि डेल्टॉइडची ताकद वाया जाते. मागचे स्नायू निकामी झाले तर हात बाहेरच्या बाजूस वळत नाही. त्या गृहस्थांचे नेमके हेच झाले होते.

मग फाटलेले शिवून का टाकत नाहीत? वेळेवर आल्यास शिवतातच. परंतु तुटलेली कंडरा दिवसेंदिवस आत ओढली जाते आणि काम नसलेल्या स्नायूत चरबी भरू लागते. फ्रान्सचे गुताइए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली या चरबीच्या पायऱ्या ठरवून दिल्या. स्नायूपेक्षा चरबी अधिक झाली, की टाका घातला तरी तो टिकण्याची आशा थोडी. शिवलेला टाका धरला तरी चरबीचा स्नायू पुन्हा होत नाही. माझ्या रुग्णाचा एमआरआय पाहताना मला हे सारे डोळ्यांसमोर दिसत होते.

अशा वेळी उरतो तो उसना स्नायू. ही कल्पना नवी नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठी चांगल्या कंडरा वळवून घेतल्या आणि असंख्य हात कामाला लावले. खांद्याच्या मोठ्या फाटीसाठी हाच मार्ग स्वित्झर्लंडच्या ख्रिस्तियान गेर्बर यांनी १९८८ साली दाखवला. पाठीवर पसरलेला लॅटिसिमस डॉर्साय हा रुंद स्नायू दंडाच्या पुढच्या बाजूला जोडलेला असतो. तो हात खाली, मागे आणि आत ओढतो. त्याचे दंडावरचे टोक सोडवून, डेल्टॉइडखालून नेऊन, हाडाच्या माथ्यावर मागच्या बाजूने बसवतात. त्याची स्वतःची नस आणि रक्तवाहिनी जपावी लागते. जागा बदलली की त्याचे कामही बदलते. आत वळवणारा स्नायू बाहेर वळवू लागतो आणि चेंडूला खाली धरतो.

अलीकडे अमेरिकेतील डॉ. बासेम एलहसन यांनी ट्रॅपिझियसचा खालचा भाग वापरण्याची पद्धत रूढ केली. तिथे कंडरा अपुरी पडते, म्हणून मधे कंडरेचा जोड द्यावा लागतो. मात्र खेचण्याची दिशा मूळ स्नायूच्या जवळची असते.

ही शस्त्रक्रिया सर्वांसाठी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पुढचा सबस्कॅप्युलॅरिस शाबूत हवा, डेल्टॉइड सशक्त हवा, सांधा झिजलेला नको. सत्तरीच्या आसपास सांधाही झिजला असेल, तर फ्रान्सच्या ग्रामाँ यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेला, चेंडू आणि वाटी यांची अदलाबदल करणारा कृत्रिम सांधा बहुधा अधिक उपयोगी पडतो. आणि साठीनंतर कित्येकांचा कफ फाटलेला असूनही त्यांना काही त्रास नसतो. नुसता एमआरआयचा कागद पाहून कोणी घाबरू नये, आणि शस्त्रक्रियेची घाई तर मुळीच करू नये.

त्या गृहस्थांपुढे मी माझी चूक कबूल केली. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आता काय करायचे ते सांगा.” मी त्यांना मुंबईच्या एका ज्येष्ठ सर्जनकडे नेले आणि शस्त्रक्रियेत मदतनीस म्हणून उभा राहिलो. पुढचे सहा आठवडे हात शरीरापासून दूर, पट्ट्यात. त्यानंतरचे काम चाकूचे नव्हते, मेंदूचे होते. पाठीच्या स्नायूला नवे काम शिकवायचे होते. फिजिओथेरपिस्ट त्यांच्या कोपराखाली तळहात ठेवून म्हणत, “कोपर खाली दाबा, आणि दाबतच हात बाहेर वळवा.” पहिले दोन महिने काहीच जमेना. एकदा चिडून ते व्यायाम सोडून घरी गेले. त्यांच्या सौभाग्यवतींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा आणून बसवले. ताकद येण्यास जवळजवळ वर्ष लागले.

म्हणून चाळिशीनंतर पडल्यावर किंवा खांदा निखळल्यावर दोन-तीन आठवड्यांत हात स्वतःहून वर जात नसेल, तर मालिश करीत बसू नका. सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घ्या. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, तंबाखू सोडा. टाका धरण्याशी दोन्हींचा संबंध आहे.

ते गृहस्थ आज सरळ कोपराने जेवतात आणि स्वतःचे केस विंचरतात. हात डोक्याच्या वर नेऊन ओझे उचलणे मात्र त्यांना जमले नाही, आणि जमेल असे आम्ही सांगितलेही नव्हते. त्यांच्या मुलाने वरच्या फळीवरचे सारे तागे कमरेच्या उंचीवर आणून ठेवले आहेत.

आपले काही प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत.