न जुळणारा आकडा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 मला दिलेला विषय आहे ‘वैश्लेषिक रसायनशास्त्रातील संशोधनाच्या पद्धती आणि त्यांचे उपयोग’. नाव ऐकून पालकांपैकी काहींना वाटले असेल की, हे प्रकरण आपल्या डोक्यावरून जाणार. परंतु हे शास्त्र मुळात तीनच प्रश्न विचारते. या पदार्थात काय आहे? किती आहे? आणि हे तुम्ही कशावरून म्हणता? पहिले दोन प्रश्न बाजारात भाजी घेणारी गृहिणीही विचारते. तिसरा प्रश्न विचारण्याची सवय लागणे, यालाच मी विज्ञानाचे शिक्षण म्हणतो.

ही विद्या काही कालपरवाची नव्हे. मर्व्ह येथील अल्-खाझिनी या विद्वानाने सन 1121 च्या सुमारास ‘मीझान अल्-हिक्मा’, म्हणजे ‘शहाणपणाचा तराजू’, हा ग्रंथ लिहिला. धातू हवेत आणि पाण्यात तोलून सोन्यात भेसळ आहे की नाही, हे ठरविण्याची रीत त्यात दिलेली आहे. सोन्याचा दागिना न वितळवता त्याच्याकडून खरे बोलवून घेण्याची ही युक्ती होती. आज तराजूच्या जागी मोठी यंत्रे आली आहेत, पण हेतू तोच आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी अनुमापनाचा प्रयोग होता. मला ब्युरेटची तीन वाचने मिळाली: 9.8, 10.3 आणि 10.0. तीन वाचने जुळली नाहीत तर गुण कापतात, हे आपण सर्व जाणता. मी जर्नलमध्ये तिन्ही ठिकाणी 10.0 लिहून मोकळा झालो. सरांनी वही पाहिली, काही न बोलता माझी ब्युरेट उजेडात धरली आणि खालच्या तोटीत अडकलेला हवेचा बुडबुडा मला दाखविला. ते म्हणाले, “हा बुडबुडा तुला तीनदा हाक मारीत होता. तू त्याचे तोंड दाबलेस.” मित्रहो, ते वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. न जुळणारा आकडा दडपला की, त्याच्यामागचे कारणही दडपले जाते.

आता अशाच एका न जुळणाऱ्या आकड्याची मोठी गोष्ट सांगतो. ती शिसे या धातूची आहे.

1940 च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात क्लेअर पॅटर्सन नावाचा तरुण संशोधक काम करीत होता. युरेनियम हे मूलद्रव्य ठरावीक गतीने क्षय पावत शेवटी शिशात रूपांतरित होते. म्हणून खडकातील युरेनियम आणि शिसे मोजले की, खडकाचे वय काढता येते. वय आधीच माहीत असलेल्या एका ग्रॅनाइटमधील स्फटिक तपासण्यास घेतले. सहकाऱ्याने मोजलेले युरेनियम बरोबर आले. पॅटर्सनचे शिसे मात्र प्रत्येक वेळी अपेक्षेपेक्षा फार जास्त येई. आकडा ‘सुधारून’ लिहिणे सोपे होते. त्याने उलट शोध सुरू केला की, हे जादा शिसे येते तरी कोठून? ते नळाच्या पाण्यात होते, काचेच्या भांड्यांत होते, रसायनांत होते, खोलीच्या धुळीत होते आणि माणसांच्या केसांत व कपड्यांतही होते.

येथे संशोधनाची पहिली पद्धत समजून घ्या. नमुना अजिबात न घालता सर्व प्रयोग तसाच्या तसा करावयाचा. याला कोरी चाचणी म्हणतात. नमुनाच नसताना शिसे सापडले, तर ते तुमच्या भांड्याचे, पाण्याचे किंवा हाताचे. पॅटर्सनने पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये धूळ आत येऊ न देणारी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि कोरी चाचणी जवळजवळ शून्यावर आणली. 1956 साली त्याने उल्कांतील शिशावरून पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे असल्याचे प्रसिद्ध केले. तो आकडा आजही जवळपास तसाच मान्य आहे.

दुसरी पद्धत आहे ती समस्थानिकांची. समजा, तुमच्यापाशी पांढऱ्या चवळीचे पोते आहे आणि दाणे किती ते मोजावयाचे आहे. त्यात मोजून 100 लाल दाणे टाका, पोते नीट कालवा आणि ओंजळभर दाणे बाहेर काढा. दर एका लाल दाण्यामागे 50 पांढरे निघाले, तर पोत्यात सुमारे 5000 पांढरे दाणे आहेत. ओंजळ लहान की मोठी, याने काही बिघडत नाही. शिशाचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात: 204, 206, 207 आणि 208. त्यांपैकी एका वजनाचे शिसे मोजून मिसळले की, तेच ‘लाल दाण्यां’चे काम करते. शिवाय निरनिराळ्या खाणींतील शिशात या अणूंचे परस्परप्रमाण वेगळे असते. त्यामुळे एखाद्याच्या रक्तातील शिसे कोठून आले असावे, याचाही माग काढता येतो.

पृथ्वीचे वय काढून पॅटर्सन थांबला असता, तरी त्याचे नाव राहिले असते. परंतु सगळीकडे सापडणारे ते शिसे त्याला स्वस्थ बसू देईना. मोटारीचे इंजिन ठोके देऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती 1921 साली अमेरिकेत निघाली होती आणि तो धूर जगभर पसरत होता. 1965 साली पॅटर्सनने स्पष्ट लिहिले की, ज्याला आपण माणसाच्या शरीरातील ‘नेहमीचे’ शिसे समजतो, ते नैसर्गिक नव्हेच. उद्योगाच्या बाजूच्या तज्ज्ञांनी हे मानले नाही. पण आकडे बोलत राहिले. 1979 साली हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्धिमापन चाचणीत आणि वर्गातील एकाग्रतेत मागे असल्याचे आढळले. त्यांच्यात विषबाधेची एकही उघड खूण नव्हती. 1980 साली पॅटर्सन आणि त्याच्या सहकारी डोरोथी सेटल यांनी दाखविले की, डबाबंद ट्यूना माशातील शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या दहा हजार पट होते. डब्याच्या सांध्याला शिशाचा डाख दिलेला असे. विश्लेषणातील चुकीमुळेच ही गोष्ट कित्येक दशके कोणाच्या ध्यानात आली नव्हती. कोऱ्या चाचणीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते पाहा!

पुढे पेट्रोलमधील शिसे टप्प्याटप्प्याने काढले गेले, डबे आणि रंगही सुधारले. 1976 ते 1980 या काळात अमेरिकेतील 1 ते 5 वर्षांच्या मुलांच्या दर 100 मिलिलिटर रक्तात सरासरी सुमारे 15 मायक्रोग्रॅम शिसे होते. 1988 ते 1991 मध्ये ते 3.6 वर आले. भारतात 2000 साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. मोटारींसाठी असे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते 2021 साली थांबले.

पालकहो, आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू या. बांगलादेशातील खेड्यांत गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळत होते. संशोधकांनी मघाशी सांगितलेल्या अणूंच्या प्रमाणावरून माग काढला आणि 2019 साली बोट ठेवले ते हळदीवर. हळकुंडे पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना पॉलिश करताना लेड क्रोमेट हा रंग लावला जात होता. 1980 च्या दशकातील एका मोठ्या पुरात हळद भिजून निस्तेज झाली, तेव्हापासून ही चाल पडल्याचे व्यापारातील लोकांनी सांगितले. बारावीच्या विद्यार्थ्यांनो, लेड नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकल्यावर परीक्षानळीत जो सुंदर पिवळा अवक्षेप पडतो, तोच हा रंग! तुम्ही तो पाहून जर्नलमध्ये ‘शिसे आहे’ असे लिहिता. कोणीतरी तो जेवणात खात होते.

आपण म्हणतो, “आम्ही हळकुंडे आणून घरीच दळतो, आम्हाला भेसळीचे भय नाही.” परंतु रंग हळकुंडालाच लावलेला असेल, तर जाते काय करणार? हा समज कोणी तपासून पाहिलेला नव्हता, एवढेच. या कथेचा शेवट मात्र आशादायक आहे. बांगलादेशच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने हातात धरता येणारे क्ष-किरण यंत्र बाजारात नेले. त्यात काही क्षणांत शिसे कळते. दोषी व्यापाऱ्यांना दंड झाले, लोकांना सूचना दिल्या गेल्या. 2019 साली बाजारातील 47 टक्के नमुन्यांत शिसे आढळले होते. 2021 साली एकाही नमुन्यात आढळले नाही.

दुसरी वस्तू सुरमा. आपल्या घरांत तो मोठ्या प्रेमाने तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत घातला जातो. खरा सुरमा अँटिमनीच्या सल्फाइडचा, असे परंपरेने सांगितले जाते. परंतु बाजारातील सुरम्याचे जे नमुने निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी तपासले, त्यांपैकी पुष्कळ नमुन्यांत शिशाचे सल्फाइडच निघाले. दोन्ही चूर्णे काळी, दोन्ही चमकदार. डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्राला कळतो. मूल डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे: परंपरेचा मान राखा, पण लहान मुलांच्या डोळ्यांत बाजारचा सुरमा घालू नका.

खाद्यपदार्थाबद्दल शंका असेल, तर कायदाही आपल्या बाजूस आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 40 नुसार सामान्य ग्राहकालाही विहित शुल्क भरून, खरेदी केलेल्या पदार्थाची अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी जे या क्षेत्रात येऊ इच्छितात, त्यांनी चार गोष्टी गाठीशी बांधाव्यात. नमुना असा घ्या की, तो साऱ्या पोत्याची साक्ष देईल. वरची मूठभर हळद म्हणजे पोते नव्हे. कोरी चाचणी कधीही टाळू नका. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणाशी आपले यंत्र पडताळून पाहा. आणि मोजणी पुन्हा पुन्हा करून, जे वाचन येईल तेच लिहा. औषधे, दूध, पिण्याचे पाणी, खते, रक्त या सर्वांच्या तपासणीत जाणकार माणसांची गरज असते. यंत्र महाग असले तरी विकत मिळते. पण त्यापाशी बसणारा प्रामाणिक माणूस शाळेच्या प्रयोगशाळेतच घडवावा लागतो.

शिक्षकांनाही एक नम्र सूचना करतो. न जुळणारी तीन वाचने आणणाऱ्या मुलाचे गुण लगेच कापू नका. त्याची ब्युरेट उजेडात धरून पाहा. आणि पालकहो, मूल प्रयोगशाळेतून घरी आले की, “गुण किती पडले?” यापूर्वी “आज काय जुळले नाही?” असे एकदा विचारून पाहा.