बापलेकांची भातलावणी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मोहने, अटाळी, वडवली या भागातील काही घरांत शेती वडिलांकडे आणि नोकरी मुलाकडे अशी वाटणी होती. २००९ साली मोहन्याचा एनआरसी कारखाना बंद पडला आणि मुलगा खाचरात उतरला. एका घरात दोन शेतकरी झाले! अशाच एका घरातली हकीगत सांगतो. नावे सांगत नाही, नाहीतर दोघेही माझ्याशी बोलायचे नाहीत.

मुलाने १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी ओतले. पोकळ बी वर तरंगले, ते काढून टोपलीत ठेवले. तळाचे जड बी स्वच्छ पाण्याने धुण्याआधी तो जेवायला गेला. तेवढ्यात वडील आले. खाऱ्या पाण्यात बुडालेले बी पाहून म्हणाले, "हे आता काय रुजणार?" तळाचे सगळे बी उकिरड्यावर ओतले आणि टोपलीतले राबावर पेरले. पाऊस पडला. राबावर रोप विरळ आणि उकिरड्यावर हिरवेगार! मिठाच्या पाण्याची याहून चांगली परीक्षा आम्हालाही घेता आली नसती. शेवटी दोघांनी मुकाट्याने उकिरड्यावरचे रोप उपटून लावणीला नेले.

पुढे डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत आली. १५ आणि २५ सेंटिमीटरवर खुणा केलेल्या दोरीने लावणी करायची आणि १५ सेंटिमीटरच्या चौकोनातील चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. गोळी खोल राहिली की नत्र पाण्याबरोबर वाहून जात नाही. वडिलांनी मात्र गोळ्या मुठीने फेकल्या. "खत फेकतातच!" मुलगा संध्याकाळपर्यंत चिखलात गोळ्या चाचपत बसला.

पण वडिलांचेही ऐका. खाचरात पाणी ठरेना, तेव्हा मुलगा रोज सकाळी पाणी भरी. वडिलांनी बांधावरून एक फेरी मारली, खेकड्यांची तीन बिळे दाखवली आणि चिखलाने बुजवली. पाणी थांबले. नाहीतर गोळ्या खोचूनही फायदा झाला नसता. आता बांध वडिलांकडे आणि गोळ्या मुलाकडे.

खुणांची दोरी लावणी संपताच वडिलांनी म्हशीला बांधली. मुलगा नवी आणणार आहे.