आणून बसविलेला माणूस
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, गोंडपिपरी)



आपल्या गोंडपिपरीहून आष्टीचा पूल ओलांडून वैनगंगेपलीकडे गेले, की ज्या गडचिरोली जिल्ह्यात आपला प्रवेश होतो तेथे १९९३ पासून दारूबंदी आहे. नदीच्या अलीकडे, आपल्या या जिल्ह्यात, ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ साली उठली. कायद्याने दुकान बंद होते, आणि ते व्हावे, या मताचा मी आहे. परंतु ज्या घरात पिणे चालूच राहिले त्या घरची कैफियत नदीच्या दोन्ही तीरांवर एकच असते. पलीकडे २०१६ पासून 'मुक्तिपथ' या नावाने व्यसनमुक्तीचे जे काम चालले आहे, त्यात गावसंघटनेच्या जोडीला व्यसनोपचाराचीही तजवीज करावी लागली, ती यामुळेच.

उपचाराच्या खोलीत जो येतो तो बहुधा आपण होऊन येत नाही. बायको आणते, थोरला भाऊ आणतो, प्रसंगी पोलीसपाटील आणतो, आणि "तुम्हाला काय त्रास आहे?" असे विचारताच, गालात खर्ऱ्याची गोळी धरून तो भिंतीकडे पाहत म्हणतो, "मले का झालं जी? हिनंच आणलं." त्याच्या नावापुढे 'सहकार्य करीत नाही' असा शेरा पडतो आणि दफ्तर बंद होते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की हा शेरा त्या माणसाविषयी फारच थोडे सांगतो. त्याला काय हवे हे त्या खोलीत कोणीच विचारलेले नाही, एवढे मात्र हा शेरा नक्की सांगतो.

ते विचारण्याची एक पद्धत आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९७८ साली स्टीव्ह डी शेझर आणि त्यांच्या कोरियात जन्मलेल्या पत्नी इन्सू किम बर्ग यांनी सहकाऱ्यांसह एक कुटुंबोपचार केंद्र स्थापिले, आणि एकतर्फी काचेमागे बसून, कोणत्या प्रश्नानंतर माणसे सुधारतात याचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून, उपायकेंद्री अल्पकालीन उपचारपद्धती सिद्ध केली. रुग्णाचा 'प्रतिकार' मोडून काढणे हे उपचारकाचे कर्तव्य, असे मानण्याच्या काळात डी शेझर यांनी १९८४ साली त्या कल्पनेचा मृत्यूच जाहीर करणारा लेख लिहिला; ज्याला आपण प्रतिकार म्हणतो ती त्या माणसाची सहकार्य करण्याची स्वतःची रीत असून ती ओळखणे हे आपले काम आहे, असा त्याचा आशय होता. या मंडळींनी उपचारातील नात्याचे तीन प्रकार सांगितले: पाहुणा, फिर्यादी आणि गिऱ्हाईक, म्हणजे स्वतः काही करायला तयार असलेला. आपला हा गृहस्थ पाहुणा आहे. फिर्याद त्याच्या बायकोची आहे. आणि दुसऱ्याच्या फिर्यादीवर पाहुण्याकडून काम करून घेण्याचा आग्रह धरणे, हीच आपल्याकडील उपदेशाची सनातन पद्धत आहे.

त्याऐवजी त्याला विचारावे, "तुम्हाला पुन्हा इथं आणू नये असं घरच्यांना वाटायला त्यांना काय दिसायला हवं?" या प्रश्नाला तो उत्तर देतो, कारण घरची कटकट थांबावी ही त्याची खरीखुरी इच्छा असते. मग रोवणीच्या दिवसांत किती पिता, असे विचारावे. "तवा कमीच जी, बांधीत मजूर लागले असतात," असे तो म्हणाला, असे समजा. तर त्या दिवसांत संध्याकाळ तो कशी काढतो, पाय भट्टीकडे वळू लागले तर काय करतो, हे बारकाईने विचारीत जावे. न पिण्याची विद्या त्याला थोडीफार अवगत आहे, आणि ती कोणी त्याला शिकविलेली नाही.

आपली स्थिती शून्य ते दहा या मापावर आज कोठे आहे, हा या पद्धतीतला मोजणीचा प्रश्न आपल्या तालुक्यात समजावून सांगावा लागत नाही, कारण पूर्ण पीक शंभर पैसे धरून मोजलेली धानाची पैसेवारी ठाऊक नसलेला शेतकरी येथे सापडणार नाही. फरक इतकाच, की पिकाची पैसेवारी सरकारी अंमलदार ठरवितात आणि ही ज्याची त्याने लावायची. तो तीस पैसे म्हणाला, तर सत्तर कोठे गेले हे विचारू नये; तीस कशाने पिकले, आणि पस्तीस झाले तर बायकोला आधी काय दिसेल, हे विचारावे. उलट, रात्रीतून चमत्कार होऊन अडचण नाहीशी झाली तर सकाळी काय वेगळे दिसेल, हा त्यांचा सुप्रसिद्ध प्रश्न मला येथे जपून वापरावासा वाटतो; चमत्कार म्हटले, की आपल्याकडे मांत्रिक आणि त्याचा कोंबडा आठवतो.

ही सर्वरोगहर मात्रा नव्हे. जिंजरिच आणि पीटरसन यांनी २०१३ साली ४३ नियंत्रित अभ्यास तपासले, तेव्हा ३२ अभ्यासांत लक्षणीय लाभ आढळला, पण सर्वांत भक्कम पुरावा प्रौढांच्या नैराश्याबाबत होता, दारूबाबत नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली आणि हात थरथरू लागले, झटका आला, नसलेली माणसे दिसू लागली, तर तो रुग्णालयाचा मामला आहे. घरात मारहाण होत असेल, तर बायको आणि मुले सुरक्षित कोठे राहतील याची व्यवस्था आधी, आणि बाकीचे सारे नंतर.

आणि ज्या फिर्यादी बाईचा उल्लेख मी ओझरता केला, खोलीतील खरे गिऱ्हाईक पुष्कळदा तीच होऊ शकते. नवऱ्याला सुधारण्याची जबाबदारी तिच्यावर टाकावी, असा याचा अर्थ नाही. ती आधीच पुरेशी टाकलेली आहे. पण इतकी वर्षे चूल कशी चालू ठेवलीत, मुले शाळेत कशी टिकविलीत, हे तिला कोणी विचारलेले नसते. दुसऱ्या भेटीला तो आला नाही आणि ती एकटीच आली, तर भेट रद्द करू नये. नवऱ्याची चौकशी मागाहून करावी, आणि मधल्या आठवड्यात काय बरे झाले, हे आधी तिलाच विचारावे.