हाक आणि ओ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आपण संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंत अनेक रसाळ विषय ऐकलेत. आजचा विषय त्या मानाने रूक्ष वाटेल. एका संगणकाने दुसऱ्या संगणकाशी संधान कसे बांधावे आणि ते 'सी' भाषेत कसे लिहितात, याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. तेव्हा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच की हा विषय आम्हाला एका चुकीने शिकविला. ती चूक पुढे सांगूच.

आपल्या या बंगळुरास दूरच्या माणसाला हाक मारण्याची विद्या नवी नाही. शहाजीराजांच्या काळी येथून पुण्याकडे पत्रे घेऊन माणसे धावत. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली दूरवाणीनगरात इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना उभा राहिला. पुढे १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हे शैक्षणिक संगणकजाळे आरंभिले. त्यात येथील भारतीय विज्ञान संस्था होती, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते, पाच आयआयटी होत्या आणि तो विभाग स्वतः होता. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. परंतु त्याच्या कितीतरी आधी मुंबई आणि बंगळूर या नगरींतील यंत्रे एकमेकींशी बोलू लागली होती.

ही बोलण्याची रीत परदेशात घडली. 'सी' भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. सर्फ आणि कान या दोन विद्वानांनी १९७४ साली जाळ्याजाळ्यांतील व्यवहाराचे नियम मांडले. त्यांतूनच आजचे 'टीसीपी' निघाले. आणि १९८३ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने आपल्या युनिक्स प्रणालीत 'सॉकेट' नावाची सोय दिली. सॉकेट म्हणजे खोबण. भिंतीतल्या खोबणीत पिन घातली की वीज मिळते. ती कोणत्या धरणावरून आली याची चौकशी आपण करीत नाही. तसेच येथे. कार्यक्रम लिहिणाऱ्याने खोबण मागावी, तीत अक्षरे घालावीत आणि तीतून अक्षरे घ्यावीत; मधल्या तारांची चिंता यंत्रणा वाहते.

या व्यवहारात दोन पक्ष असतात. एक सेवा देणारा, त्यास 'सर्व्हर' म्हणतात. दुसरा सेवा मागणारा, तो 'क्लायंट'. ज्यांनी ट्रंक कॉलचे दिवस पाहिले आहेत त्यांना त्यांची कामे समजावयास वेळ लागणार नाही. सर्व्हर प्रथम 'सॉकेट' म्हणून टेलिफोनचे यंत्र घरी आणतो. मग 'बाइंड' म्हणून त्या यंत्राला क्रमांक लावून घेतो. या क्रमांकात यंत्राचा पत्ता असतो आणि त्याखेरीज 'पोर्ट' नावाचा ६५५३५ पर्यंतचा एक आकडा असतो. एकाच कचेरीत अनेक खिडक्या असाव्यात तसा. नंतर 'लिसन' म्हणून तो घंटीकडे कान लावून बसतो. अखेरीस 'ॲक्सेप्ट' म्हणून आलेला फोन उचलतो. क्लायंटचे काम सोपे: त्याने 'सॉकेट' घ्यावे आणि 'कनेक्ट' म्हणून क्रमांक फिरवावा. पुढे 'रीड' आणि 'राइट' यांनी संभाषण, आणि शेवटी 'क्लोज'.

दोघांची भेट होण्यापूर्वी आत तीन निरोप जातात. "ऐकू येते का?" "येते, माझे तुम्हांस येते का?" "येते." इतके झाल्यावाचून टीसीपी कामाचे एक अक्षरही पुढे नेत नाही. आमच्या लहानपणी मुंबईहून फोन आला की वडीलमंडळी निम्मा वेळ याच तीन वाक्यांत घालवीत. ते वाया गेलेले पैसे नव्हते, तो शास्त्रशुद्ध व्यवहार होता, हे आम्हांस फार उशिरा कळले!

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण मराठी माणसे 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. आपले कन्नड शेजारी 'इप्पत्तैदु' म्हणतात, म्हणजे आधी वीस आणि मग पाच. नव्याने आलेल्या मराठी गृहिणीची भाजीबाजारात यावरून कशी तारांबळ उडते, हे आपण जाणता. संगणकांतही हाच भाषाभेद आहे. आपल्या टेबलावरील बहुतेक यंत्रे मराठी वळणाची. ती मोठ्या संख्येचा लहान भाग आधी ठेवतात. जाळ्याची रीत मात्र कन्नड वळणाची. मोठा भाग आधी. म्हणून पोर्टचा आकडा सॉकेटला देताना 'एचटॉन्स' नावाच्या दुभाष्याकडून उलटवून घ्यावा लागतो. तो विसरला, तर ८०८० क्रमांकाची खिडकी मागणारा माणूस ३६८९५ क्रमांकाच्या खिडकीवर जाऊन उभा राहतो, आणि तेथे सहसा कोणी नसते.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून नळाने आपल्या घरी येते. तिकडे कोणी दोन घागरी ओतल्या म्हणून इकडे दोन घागरी वेगळ्या येत नाहीत. येते ती धार. टीसीपीचेही तसेच. तिकडून दोन वाक्ये पाठविली तर इकडे ती एका 'रीड'मध्ये मिळून येतील, किंवा एकाच वाक्याचे तीन तुकडे येतील. क्रम चुकणार नाही. परंतु वाक्य कोठे संपले हे ओळखण्याची खूण आपणच ठरवावयाची असते. तेव्हा 'रीड'ने किती अक्षरे दिली हे मोजल्यावाचून पुढे जाऊ नये.

आता आमची चूक. २००६ सालच्या नोव्हेंबरची गोष्ट. त्या महिन्यात निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले घेतले जातात. आमच्या तेव्हाच्या कचेरीत एका तरुण सहकाऱ्याने 'सी'मध्ये छोटासा सर्व्हर लिहिला होता. पाच खिडक्यांवरील यंत्रांतून क्रमांक विचारावा आणि आतल्या यंत्राने नोंद काढून द्यावी, अशी योजना होती. चाचणीच्या वेळी तो म्हणाला, "साहेब, पाचही खिडक्यांवरून एकदम तपासून पाहू या." आम्हांस घाई होती. एका खिडकीवरून पाहिले, उत्तर आले, आणि 'समाधानकारक' असा शेरा मारून आम्ही सही केली.

पहिल्याच दिवशी सकाळी अकरा वाजता सर्व काही थांबले. पाचही पडद्यांवर 'जोडणी झाली' असे दिसे आणि पुढे काही नाही. बाहेर शंभरएक वृद्ध उभे. त्यांत एक ऐंशीच्या घरातले मराठी आजोबा होते. त्यांनी दीड-दोन तासांनी आम्हांस हळूच विचारले, "साहेब, आत कुणी ओ दिली का, तेवढे सांगा. नसेल तर मी उद्या येतो." आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते काठी टेकीत निघून गेले. त्या सायंकाळी आम्ही फाइलीवर टिपण लिहिले की सदर प्रकार संबंधित कर्मचाऱ्याच्या तांत्रिक निष्काळजीपणामुळे घडला.

त्या तरुणाने प्रतिवाद केला नाही. रात्री थांबून त्याने कारण शोधले आणि दुसऱ्या दिवशी कागदावर चित्र काढून आम्हांस समजाविले. चौथ्या खिडकीवरील कारकुनाने सकाळी यंत्र चालू केले. जोडणी झाली, सर्व्हरने फोन उचलला, आणि क्रमांक न टाकताच कारकून चहाला गेला. सर्व्हर 'रीड' म्हणून त्याच्या पहिल्या अक्षराची वाट पाहत बसला. तो एका वेळी एकाशीच बोलणारा असल्यामुळे उरलेले चौघे रांगेत तिष्ठत राहिले. 'लिसन'ला जो आकडा देतात तो या रांगेचाच. रांगेतल्याला ते तीन निरोप मिळून जातात, कारण ते आतली प्रणाली परस्पर देते. म्हणून पडद्यावर 'जोडणी झाली' असे उमटते. प्रत्यक्षात फोन कोणी उचललेलाच नसतो.

उपाय दोन होते. 'ॲक्सेप्ट' प्रत्येक पाहुण्यासाठी नवे सॉकेट देते आणि दाराशी ऐकणारे मूळ सॉकेट मोकळेच राहते. तेव्हा 'फोर्क' करून प्रत्येक पाहुण्यापाशी स्वतंत्र सेवक बसवावा, आणि जो ठराविक वेळ काहीच बोलणार नाही त्याचा फोन ठेवून द्यावा. दोन्ही मिळून मोजक्या ओळींचे काम. दुपारपर्यंत खिडक्या सुरू झाल्या. आजोबा आले, दाखला देऊन गेले.

दोष त्याच्या कार्यक्रमात होता, हे खरे. परंतु तो ज्या चाचणीत उघड झाला असता ती चाचणी त्याने मागितली होती आणि आम्ही नाकारली होती. त्या फाइलीवर आम्ही दुसरे टिपण लिहिले, पहिले मागे घेतले, आणि चाचणीची जबाबदारी आपली असल्याचे नमूद केले. सरकारी नोकरीत असे टिपण लिहिताना हात जड होतो. त्यानंतर वर्षभर आम्ही सायंकाळी त्याच्याचपाशी बसून 'सी' शिकलो. ज्या कागदावर सही करावयाची, तो निदान वाचता यावा, एवढीच इच्छा होती.

मित्रहो, सुवर्णमहोत्सवी मंडळापुढे हे सांगण्याचे प्रयोजन आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्येष्ठांनी येथे खोबण बसविली, पत्ता मिळविला, दार उघडे ठेवले. आज व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत महाराष्ट्रातून आलेली असंख्य मुले-मुली आहेत. गणेशोत्सवात ती येतात, वर्गणी देतात, आपल्या वहीत 'जोडणी झाली' अशी नोंद होते. पुढे त्यांच्याशी बोलावयास कोणी उठतो का? की आपण आपल्याच चार जुन्या मित्रांशी बोलत बसतो आणि ती दाराशी तिष्ठून परत जातात? नुसते ऐकत बसणे पुरत नाही. उठून ओ द्यावी लागते. त्या आजोबांच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. मंडळाने ते द्यावे, अशी आमची प्रार्थना आहे.