शिकारी रिव्हॉल्व्हरचा नेम आणि अंतराचे गणित



रिव्हॉल्व्हर म्हटले की आपल्याला पोलीस अंमलदार आठवतो. शिकारी आठवत नाही. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने, काही अपवाद सोडता, शिकारीलाच बंदी आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र रिव्हॉल्व्हरने हरणाची शिकार करण्यास आजही परवानगी आहे. आयडाहोत गुरे पाळणाऱ्या एल्मर कीथने जोरदार काडतुसांचा वर्षानुवर्षे आग्रह धरला आणि 1955 च्या अखेरीस .44 मॅग्नम हे काडतूस आले. त्याची सुमारे साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला 400 मीटर किंवा थोड्या अधिक वेगाने सुटते.

एवढ्या वेगाची गोळी सरळच जात असेल, असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. नळी सोडल्या क्षणापासून ती खाली पडू लागते. गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात सांगितलेला नियमच येथे लागू आहे : पडण्याचे अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग 400 मीटर धरला आणि हवेचा अडथळा सोडून दिला, तर गोळी 50 मीटरांवर सुमारे 8 सेंटिमीटर आणि 100 मीटरांवर सुमारे 31 सेंटिमीटर खाली येते. अंतर दुप्पट, घसरण चौपट!

यावर तोड अशी की, नजरेच्या रेषेशी नळी किंचित वर रोखलेली ठेवायची. नळीवर पुढे माशी असते, मागे खाच असते. मागली खाच स्क्रूने उचलली की गोळी वर लागते. पुढली माशी उंच केली की खाली लागते. समजा, 50 मीटरांवर नेम अचूक बसविला आणि माशी नळीच्या मध्यापासून 2 सेंटिमीटर उंच आहे. मग 25 मीटरांवर गोळी सुमारे 1 सेंटिमीटर वर लागेल, 75 मीटरांवर जवळजवळ 5 सेंटिमीटर खाली आणि 100 मीटरांवर 13 सेंटिमीटर खाली. हवेमुळे ही घसरण आणखी थोडी वाढते. कीथने लांबच्या पल्ल्यासाठी माशीवर सोन्याच्या बारीक आडव्या रेघा बसविल्या होत्या. अंतर वाढेल तशी माशी खाचेच्या वर अधिक काढायची, ही त्याची युक्ती.

आणखी एक गंमत आहे. बार उडताच, गोळी नळीत असतानाच, हातातले रिव्हॉल्व्हर वर उसळू लागते. जड, मंद गोळी नळीत अधिक काळ राहते. म्हणून जवळच्या अंतरावर ती पुष्कळदा हलक्या गोळीपेक्षा वर लागते. तेव्हा काडतूस बदलले की नेम पुन्हा बसविलाच पाहिजे.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला. रिव्हॉल्व्हरवाल्याने तसे केले तर तो नापास होईल! खाच, माशी आणि लक्ष्य तिन्ही डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. माशी स्वच्छ पाहावी, लक्ष्य पुसट राहू द्यावे. कारण खाच आणि माशी यांत अंतर 20 सेंटिमीटर असेल, तर माशी 1 मिलिमीटर सरकली की 50 मीटरांवर गोळी 25 सेंटिमीटर चुकते.

आता मुख्य मुद्दा. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे यांचा मर्मभाग सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाचा असतो. गोळी त्यात लागली तर जनावर लवकर मरते. त्याबाहेर लागली तर जखमी होऊन झाडीत पळते आणि तासन्‌तास तडफडते. म्हणून प्रामाणिक शिकारी आधी कागदावर पाच गोळ्या झाडतो. त्या ज्या अंतरापर्यंत 20 सेंटिमीटरांच्या वर्तुळात बसतात, तेथे त्याचा पल्ला संपला. मग काडतुसाची ताकद काही असो. आणि ही परीक्षा टेबलावर हात टेकवून नव्हे, रानात जसे उभे राहावे लागते तशी उभ्याने द्यायची.

खाचेचा स्क्रू कोणालाही फिरवता येतो. समोर उमदे जनावर उभे असता, ते आपल्या पल्ल्याबाहेर आहे हे ओळखून चाप न ओढणे, हे मात्र अवघड. ज्याला ते साधले, त्याचाच नेम खरा बसला, असे मी म्हणेन.