विहाराचे बांधकाम आणि आर्किटेक्ट

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. काही ठिकाणी बोलण्यात राहून गेलेले लिहिताना भरले आहे.)



मी इंजिनियर नाही. एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात बदली म्हणून लागलो, मिल बंद पडली, आता एका सूतगिरणीत पाळी करतो. शिक्षण दहावी नापास. पुढचं जे काही वाचलं ते याच विहाराच्या कपाटातलं. तरी बांधकामावर बोलायला मला उभं केलं, कारण खालचा हॉल झाला तेव्हा २०१६ पासून २०२१ पर्यंत मी बांधकाम समितीत होतो. हॉल चांगला झाला असं तुम्ही म्हणता. त्यात चुकलेलं जे आहे त्यातली मोठी चूक माझी आहे. ती आज सांगणार आहे.

आता वरच्या मजल्याचा विषय निघाला आहे. मागच्या सभेत एक सूचना आली की नकाशा तर आपल्याजवळ आहेच, मग आर्किटेक्टला पुन्हा पैसे कशाला, ठेकेदाराला काम देऊन टाकू. दुसरी सूचना अशी की अभ्यासिकेच्या जागी वर घुमट करू, दीक्षाभूमीसारखा, म्हणजे रस्त्यावरून विहार दिसेल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी जाऊन झोप लागली नाही.

पहिले घुमटाचंच बोलतो. धंतोलीतून दीक्षाभूमी चालत गेलं तरी अर्ध्या तासावर आहे. मी शाळेत होतो तेव्हा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वडिलांचं बोट धरून गेलो की तिथं बांधकाम चालू दिसायचं. पुढच्या वर्षी गेलो तरी चालूच. १९७८ साली काम सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. तेवीस वर्षं! तेव्हा आम्ही पोरं म्हणायचो, एवढा वेळ कायले लागते? आता कळते.

त्या स्तूपाचा आराखडा शिवदानमल या वास्तुशिल्पज्ञांचा. त्यांच्यापुढे काम काय होतं ते पहा. नमुना सांचीचा. पण सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, त्याच्या भोवती प्रदक्षिणा घालायची, आत माणूस जात नाही. आपल्याला मात्र आत जायचं होतं. बाबासाहेबांच्या अस्थी मध्ये ठेवायच्या, आणि दसऱ्याला येणाऱ्या लाखो माणसांना आत येऊन वंदन करता यायला पाहिजे. म्हणून स्तूप पोकळ झाला. चार दिशांना चार दारं, वरून धोलपूरचा दगड, घुमटाचा व्यास १२० फूट आणि उंचीही साधारण तेवढीच. दिसायला सांची, पण वापर वेगळा. जुनं रूप नव्या गरजेला कसं बसवायचं, हे आर्किटेक्टचं काम.

घुमट नुसता वरून खाली दाबत नाही. तो बुडाशी बाहेर ढकलतो. लाकडी पिपाला लोखंडी कडं असते, ते काढलं की फळ्या पसरतात, तसंच. घुमटाच्या बुडाला ते कडं लागते आणि त्याखाली सगळा भार घेणारे खांब आणि पाया लागतो. आपल्या हॉलचा पाया आणखी एका मजल्याच्या हिशेबानं काढलेला आहे. घुमटाचा हिशेब त्यात नाही. आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यासाठी पाया खाली मुरमापर्यंत नेला, तेव्हा खड्ड्यातच पैसा चालला म्हणून आपणच ओरडलो होतो. आता त्याच पायावर न विचारता घुमट ठेवायचा?

आणि बाबासाहेबांनी स्वतः घर बांधलं तेव्हा काय पाहिलं? दादरचं राजगृह. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलं. त्या घरात पहिली जागा पुस्तकांना. बांधकामात त्यांनी स्वतः लक्ष घातलं. आपल्याला काय पाहिजे हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपल्याला माहीत आहे का, हा माझा प्रश्न आहे.

कारण आर्किटेक्टकडे आपण कसे गेलो ते आठवा. आमच्या वडील मंडळींनी जुना हॉल बांधला तो ठेकेदारानं विटकरीच्या तुकड्यानं जमिनीवर आखून दिला होता. मधोमध खांब, त्याच्यामागे बसलेल्याला बुद्धमूर्ती दिसत नव्हती. स्लॅब गळायची. बायकांसाठी संडास नाही. त्यांची चूक म्हणत नाही मी, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलं. पण २०१६ ला आम्हीही तसंच करायला निघालो होतो. एका गृहस्थानं सांगितलं, महापालिकेतून नकाशा पास करून देतो, फी नाममात्र. सही-शिक्का झाला आणि ते गृहस्थ पुन्हा साइटवर आले नाहीत. कागदावरचा हॉल आपल्या प्लॉटपेक्षा चार फूट लांब निघाला. त्यात एक वर्ष गेलं.

मग दुसरा आर्किटेक्ट पाहिला. या वेळी नोंदणी विचारली. १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदलेल्या माणसालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येते. विचारायला संकोच करू नका, आपण डॉक्टरच्या पाटीवर डिग्री पाहतोच. (धंतोलीत राहून पाट्या वाचायला कोणाला शिकवावं लागत नाही.)

त्या साहेबानं पहिल्या दिवशी नकाशाच काढला नाही. आम्ही नाराज. त्यांनी विचारलं, किती माणसं बसतात? आम्ही म्हटलं, भरपूर. ते म्हणाले, भरपूर म्हणजे किती? रोजच्या वंदनेला किती, बुद्ध पौर्णिमेला किती? चपला कुठं ठेवता? स्वयंपाक कुठं होतो? पोरं अभ्यासाला किती वाजता येतात आणि लाइट गेल्यावर काय करतात? आम्ही सात जण होतो, सातही पुरुष. एकालाही चपलांचं उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, पुढच्या वेळी बायांना आणा.

पुढच्या रविवारी त्यांनी मोकळ्या जागेत चुन्याची फक्की मारून चोवीस बाय चाळीसचा हॉल आखला आणि सगळ्यांना आत सतरंज्या टाकून बसवलं. मांडी घालून बसलेल्या माणसाला सहा चौरस फूट लागतात. मूर्तीची जागा, मधली वाट सोडली तर सव्वाशेच्या वर माणूस बसत नाही. आम्ही पावतीपुस्तकावर पाचशेचा हॉल छापून बसलो होतो! तिथंच एका बाईनं सांगितलं, दार या बाजूनं नका करू, पावसाचा झोत इकडून येते. दार फिरलं. आज पावसात आत पाणी येत नाही ते त्या बाईमुळे.

मग फीवरून भांडण. नकाशा काढायचे एवढे पैसे? मीच पुढे होतो. माझ्या डोक्यात नकाशा म्हणजे एक कागद. नंतर कळलं, मंजुरीचा नकाशा वेगळा, मिस्त्रीला लागणारे कामाचे नकाशे वेगळे, लोहा किती आणि कुठं हे स्ट्रक्चरल इंजिनियर वेगळं काढून देतो. ठेकेदाराचं बिल आलं की मोजमाप तपासायचं. फी टप्प्याटप्प्यानं द्यायची असते, काम जेवढं झालं तेवढी, आणि हे सगळं आधी कागदावर लिहून सही करायचं. आपण दोन्ही बाजूंनी सह्या केल्या तेव्हापासून भांडण मिटलं.

आता माझी चूक. नकाशात दाराशी उतार होता. जोतं दोन फूट, म्हणून उतार चोवीस फूट लांब, एका फुटाला बारा फूट या मापानं. मला वाटलं, चोवीस फूट जागा वाया. तिथं रुंद पायऱ्या केल्या तर समोरून शोभा येईल. आर्किटेक्टला फोन केला नाही. समितीला विचारलं नाही. ठेकेदाराला तोंडी सांगितलं, उतार सोडा, पायऱ्या करा. तो तर खूशच.

विणाई खात्यात मी बारा वर्षं काढली. बीम साच्यावर चढला की मधेच ताण्याची तार बदलायची नसते, बदलली तर सगळा तागा फॉल्टी जातो. (आमचा बीम म्हणजे ताण्याचा रूळ, इमारतीतला बीम वेगळा.) साच्यावर मी असं कधी केलं नाही. इथं केलं, कारण इथं मी पदाधिकारी होतो.

नव्या हॉलमधली पहिली बुद्ध पौर्णिमा. आपल्या वस्तीतल्या एक आजी, नाव घेत नाही, सगळे ओळखता, त्या खाली खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांनी दारोदार फिरून पावत्या फाडल्या होत्या. दहा दहा रुपयांच्या. मी म्हटलं, आजी, आत चला ना. त्या म्हणाल्या, "मले पायऱ्या चढवत नाही बाबू. राहू दे, मी इथूनच वंदना घेते. जुन्या हॉलात तर जात होती मी." जुन्या हॉलला एकच पायरी होती.

मी आर्किटेक्टकडे गेलो, सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. वही काढली, साइटला आले त्या तारखेला काय पाहिलं ते लिहिलेलं. त्यात होतं, "उतार नाही, समितीला पत्र दिले." पत्र आलं होतं. मी फाइलला लावलं होतं, वाचून दाखवलं नव्हतं. पुढे पायऱ्यांचा एक भाग फोडून बाजूनं वळणाचा उतार केला. बेचाळीस हजार रुपये गेले. त्यातले जमेल तेवढे मी पगारातून भरले, उरलेले तुमचे गेले. आजी त्या उतारावरून दोन वर्षं आल्या. आता त्या नाहीत.

आपण गेली दोन वर्षं दीक्षाभूमीच्या आवारातल्या भूमिगत पार्किंगवर बोलत असतो. १ जुलै २०२४ ला लोक तिथं जमले, काम बंद पाडलं, आणि त्याच दिवशी सरकारला विधानसभेत स्थगिती जाहीर करावी लागली. स्तूपाजवळ खोदल्यानं त्याला धोका होईल आणि आम्हाला विचारलं नाही, असं लोकांचं म्हणणं होतं. आपल्यातले कित्येक जण त्या दिवशी तिथं होते. मीही होतो. परत येताना मला हॉलच्या पायऱ्या दिसल्या. सरकारला आम्ही जे विचारत होतो तेच आजीनं मला विचारायला पाहिजे होतं. त्यांनी विचारलं नाही, एवढंच.

समितीला माझी विनंती अशी. वरच्या मजल्यासाठी त्याच आर्किटेक्टला बोलवा. ठेकेदाराशी समितीतल्या एकाच माणसानं बोलावं, आणि तो माणूस मी नसावा. दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचे सचिव म्हणून सदानंद फुलझेले यांनी अनेक वर्षं काम पाहिलं. १९५६ च्या दीक्षेच्या वेळी ते नागपूरचे उपमहापौर होते, तेव्हापासून त्या जागेशी जोडलेले. असा एक धरून बसणारा माणूस पाहिजे. बदल करायचा तर लिहून, आणि आर्किटेक्टच्या सहीनं. घुमट पाहिजेच असेल तर त्यालाच विचारू, पाया तो भार घेते का, खर्च किती, आणि मग अभ्यासिकेला किती उरते. स्पर्धा परीक्षेची पोरं आज जिन्याखाली बसून अभ्यास करतात, त्यांना आकडा कळू द्या आणि मत देऊ द्या.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता वंदनेनंतर वरच्या मजल्याचा नकाशा मी इथं भिंतीवर लावतो. बायांनी आणि अभ्यासाच्या पोरांनी जरूर यावं. ज्येष्ठांनी चष्मा आणावा, अक्षर बारीक आहे. पेन्सिल मी आणतो.

जयभीम.