चार तळहातांएवढी जागा

मोटार जमिनीला टेकते ती जेमतेम चार तळहातांएवढ्या जागेवर. इंजिनाचे बळ, ब्रेकची ताकद आणि चालकाचे कौशल्य या सर्वांची कसोटी तेथेच लागते. वेगवान गाडीचा हौशी ग्राहक मात्र पुष्कळदा समजतो की, टायर जितका रुंद तितकी गाडी उत्तम.

२०१२ साली टोयोटा कंपनीने काढलेल्या ‘८६’ या गाडीने या समजुतीस छेद दिला. प्रमुख अभियंते तेत्सुया तादा यांनी सुमारे दोनशे अश्वशक्तीच्या या गाडीस अवघे २१५ मिलिमीटर रुंदीचे मिशेलिन प्रायमसी टायर दिले. प्रियससारख्या काटकसरी गाडीसही तसेच टायर चालत. हेतू हा की, पकड सुटू लागल्याचे चालकास माफक वेगातच कळावे.

पुढे २०२२ च्या ‘जीआर ८६’मध्ये अमेरिकेतील ग्राहकांपुढे दोन पर्याय आले : सतरा इंची चाकावर प्रायमसी, किंवा वरच्या प्रकारात अठरा इंची चाकावर अधिक पकडीचा पायलट स्पोर्ट ४. रुंदी दोहोंची एकच. परंतु दुसऱ्याची बाजू ९७ ऐवजी ८६ मिलिमीटर उंचीची. म्हणून तो वळणावर तत्पर. पण खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत लौकर पोहोचविणारा.

शर्यतीच्या मैदानावर घड्याळाशी झुंजणाऱ्याने दुसरा घ्यावा. अधिक पकडीने गाडी लौकर थांबते, हेही खरे. परंतु अशी पकड सुटते तेव्हा वेगही अधिक असतो, आणि सार्वजनिक रस्त्यावर सावरण्यास जागा नसते. तेव्हा आधी आपला रस्ता आणि आपला हात ओळखावा. चाक मागाहून निवडावे.